बॅरल किती गोळ्यांनी झिजते?

जुनी पॉइंट टू-टू रायफल विकत घ्यायला निघालेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हिच्यातून किती गोळ्या झाल्यात?’ विकणारा प्रामाणिक असेल तर साठ-सत्तर हजार असा आकडा सांगतो आणि पालकांचा चेहरा उतरतो. कुणा माहीतगाराने त्यांना आधीच सांगून ठेवलेले असते, की रायफलचे बॅरल पाच हजार गोळ्यांत संपते. हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. पाच हजारांचा आकडा एका जातीच्या रायफलचा, साठ हजारांचा दुसऱ्या जातीच्या. आणि ज्यांचे बॅरल दीड-दोन हजार गोळ्यांतच स्पर्धेच्या कामाचे राहत नाही, अशाही रायफली आहेत. हा फरक कशामुळे पडतो हे एकदा समजले, की माणूस खरेदीत फसत नाही आणि चांगले बॅरल उगाच बदलत नाही. साफसफाईच्या नावाखाली ते आपल्याच हाताने बिघडवण्याची चूकही टळते, आणि ती चूक मला सर्वांत महागाची वाटते.

गोळी घासून घासून बॅरल झिजवते, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. तसे असते तर बॅरलचे तोंड आधी झिजले असते, कारण तिथे गोळीचा वेग सर्वांत जास्त असतो. प्रत्यक्षात मोठ्या काडतुसाच्या रायफलीत झीज सुरू होते ती दुसऱ्या टोकाला. चेंबर संपून आतले चरे जिथे सुरू होतात, त्या जागेला नेमबाज थ्रोट म्हणतात. काडतुसातली दारू पेटली की सगळा वायू इथूनच पुढे रेटला जातो. त्याचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या बरेच वर असते, तर पोलाद चौदाशे-पंधराशे अंशांना वितळते. तरी बॅरल टिकते, कारण हा मारा एखाद-दुसरा मिलिसेकंदच चालतो आणि उष्णता लगेच बाहेरच्या जाड धातूत पसरते. आतला अगदी पातळ थर मात्र प्रत्येक गोळीला लालबुंद होण्याइतका तापतो आणि क्षणात निवतो. वायूतला कार्बनही या थरात शिरतो, आणि कार्बन जास्त झालेले पोलाद कमी तापमानाला वितळते. थर कडक होतो, ठिसूळ होतो, तडकतो. अशा बॅरलमध्ये बोअरस्कोप घालून पाहिले, तर मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या रानासारखी जाळी दिसते. पुढच्या प्रत्येक गोळीचा वायू त्या भेगांत घुसतो आणि कणाकणाने धातू उडवून नेतो. गोळीचे घर्षण त्यात थोडी भर घालते एवढेच.

म्हणजे किती दारू, किती मोठ्या भोकातून आणि किती घाईने जाळली, यावर बॅरलचे वय ठरते. गोळ्यांचा नुसता आकडा यातले काहीच सांगत नाही.

पॉइंट टू-टूचे काडतूस घ्या. त्यातली दारू एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. गोळी साधारण २.६ ग्रॅमची, मऊ शिशाची, वर मेणासारखे वंगण चोपडलेली. स्पर्धेचे काडतूस मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाचे ठेवतात, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर. आता तीनशे आठ विंचेस्टरचे काडतूस घ्या. त्यात जवळपास तीन ग्रॅम दारू असते, म्हणजे तिसाहून अधिक पट. बॅरलच्या भोकाचे क्षेत्रफळ मात्र जेमतेम दुप्पट. चेंबरमधला दाबही अडीच पटींच्या आसपास. त्यामुळे तीनशे आठची रायफल साधारण पाच हजार गोळ्यांनंतर अचूकता सोडू लागते, तर नीट सांभाळलेली टू-टू लाखाच्या आसपास जाऊनही दहाच्या वर्तुळात मारते.

याहून बोलका नमुना आहे तो दोनशे त्रेचाळीस विंचेस्टरचा. १९५५ साली आलेले हे काडतूस म्हणजे तीनशे आठचीच पितळी नळी. तिची मान आवळून तीत बारीक गोळी बसवलेली. दारू थोडीशीच कमी, पण भोक बरेच लहान: तीनशे आठचे क्षेत्रफळ याच्या दीडपटीहून जास्त भरते. रायफल तीच, पोलाद तेच, कारागीर तोच असला तरी या बॅरलचे स्पर्धेचे आयुष्य दीड ते अडीच हजार गोळ्यांवर येते. सहाशे-आठशे मीटरवर सपाट जाणारी वेगवान गोळी हवी असेल, तर ही किंमत मोजावीच लागते. ती आधीच माहीत असावी, म्हणजे दोन मोसमांत नवे बॅरल घ्यायची वेळ आली की रायफल सदोष निघाली असे वाटत नाही.

आता रोजच्या सरावाचा हिशेब मांडू. आठवड्याचे पाच दिवस, रोज शंभर गोळ्या धरल्या तर वर्षाला २६ हजार होतात. टू-टूच्या नेमबाजाला एक बॅरल या गतीने काही वर्षे सहज पुरते. हाच सराव दोनशे त्रेचाळीसवर केला, तर बॅरल महिन्याभरात उतरेल. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचे सुवर्ण जिंकले. दोन्ही प्रकार टू-टूचे. बॅरलला इतके सौम्य वागवणारे रायफलचे काडतूस दुसरे नाही, आणि इतक्या सरावाचा खेळ त्यावर उभा राहू शकतो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

दारूची जातही महत्त्वाची असते, हे इंग्रजांना लष्करात धडा मिळून कळले. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीचे चरे उथळ आणि गोलसर होते. काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून ती रचना उत्तम होती. पुढे १८९१ पासून कॉर्डाइट आले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ज्वाला भयंकर तप्त. उथळ चरे बघता बघता धुऊन निघू लागले. १८९५ मध्ये खोल, चौकोनी कडांचे पाच चरे असलेली ली-एन्फिल्ड आली. महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके राहिलेली थ्री-नॉट-थ्री ही तिचीच पुढची पिढी. चरे बदलूनही भागेना, तेव्हा १९०१ मध्ये कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीन ५८ वरून ३० टक्क्यांवर आणले. आजही जास्त नायट्रोग्लिसरीनची दारू थोड्या मापात जास्त वेग देते आणि थ्रोट लवकर खाते. आपल्याकडे बहुतेक नेमबाज कारखान्यात भरलेलीच काडतुसे वापरतात, त्यामुळे दारू निवडण्याचा प्रश्न येत नाही. पण एकाच मापात ‘हाय व्हेलॉसिटी’ आणि साधे असे दोन पर्याय समोर असतील आणि काम सरावाचे असेल, तर साधे घ्यावे.

तोफखान्याने हे सगळे फार पूर्वी ओळखले. तिथे तोफेच्या नळीचे वय गोळ्यांच्या साध्या संख्येत मोजत नाहीत. पूर्ण दारूच्या एका माऱ्याला एक धरतात आणि कमी दारूचा मारा त्याचा काही अंश म्हणून मांडतात. टोकाचे उदाहरण म्हणजे १९१८ साली जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर डागलेली तोफ. तिची नळी प्रत्येक गोळ्यागणिक इतकी रुंदावत असे, की गोळ्यांना क्रमांक दिलेले होते आणि पुढचा प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड बनवलेला होता. सुमारे ६५ गोळ्यांनंतर नळी काढून नव्याने कोरावी लागे.

तिसरी गोष्ट घाईची, आणि ही पूर्णपणे आपल्या हातात आहे. तापलेले पोलाद मऊ असते. गार बॅरलमधून मारलेली गोळी जितके नुकसान करते, त्याहून तापलेल्या बॅरलमधून मारलेली तीच गोळी जास्त करते. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन एमजी ४२ ही मशीनगन मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळ्या झाडायची. तिच्या चमूला सलग माऱ्यात अडीचशे गोळ्यांच्या आसपास बॅरल बदलायची शिकवण होती. आपल्याला तिथवर जायचे नाही. मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर एवढा एक नियम पाळावा: बॅरलच्या मधोमध उघडा हात ठेवावा, आणि तो पाच सेकंद टिकत नसेल तर बोल्ट उघडा ठेवून रायफल सावलीत उभी करावी. वीस गोळ्या पाच मिनिटांत उडवणारा आणि त्याच वीस गोळ्या अर्ध्या तासात मारणारा, या दोघांच्या बॅरलमध्ये मोसमाच्या अखेरीस डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिलच्या उन्हात तर बॅरल पहिल्या गोळीआधीच कोमट असते. टू-टूला ही पथ्ये लागत नाहीत.

पोलादाचा फरक पडतो, पण विक्रेते सांगतात तेवढा नाही. लष्करी रायफलींच्या बॅरलला आतून क्रोमचा मुलामा देतात, कारण क्रोम १९०० अंशांपर्यंत वितळत नाही आणि गंजतही नाही. स्पर्धेच्या रायफलीत तो सहसा नसतो, कारण मुलामा सगळीकडे सारख्या जाडीचा बसवणे कठीण आणि तेवढ्या असमानतेनेही गट, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतो. स्टेनलेस बॅरल उष्णतेच्या झिजेला थोडे अधिक तग धरते, पण म्हणून ते दुप्पट टिकेल अशी आशा धरू नये.

दहा मीटरच्या एअर रायफलीत दारूच नाही, उष्णता नाही, अर्ध्या ग्रॅमची शिशाची पेलेट सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास जाते. तिचे बॅरल झिजण्याची काळजी करू नये. तिथे सील जुने होतात, आणि हवेच्या सिलिंडरवर छापलेली वैधतेची तारीख उलटते, तिकडे लक्ष द्यावे. ट्रॅप-स्कीटच्या बारा बोअर बंदुकीतही दाब कमी आणि छर्रे प्लॅस्टिकच्या वाटीत असतात. बॅरलच्या आधी तिची बिजागरी आणि खटके सैल होतात.

आता टू-टूकडे परत येऊ, कारण आपल्याकडचे बहुतेक वाचक तीच वापरतात आणि तिचे बॅरल उष्णतेने क्वचितच मरते. ते मरते दोन कारणांनी: सळई आणि गंज.

शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांना पुल-थ्रू आठवत असेल: दोरी, टोकाला वजन, फासात अडकवलेली चिंदी. दोरी तिरकी ओढली की ती बॅरलच्या तोंडाच्या कडेवर घासते. धूळ चिकटलेली दोरी तर कानशीच. गोळी बॅरल सोडताना तिचा शेवटचा स्पर्श या कडेला होतो, आणि एका बाजूने कड झिजली तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. आतले चरे नव्यासारखे असूनही गट पसरतो. तोंडाकडून घातलेली सळईही हेच करते, आणि तुकडे जोडून बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या सळईच्या सांध्यांत तर खर अडकून राहते.

तेव्हा सफाई अशी करावी. बोल्ट काढावा. मागच्या बाजूने, म्हणजे चेंबरकडून, बोअर गाइड बसवावा; त्यामुळे सळई मधोमध राहते. सळई एकसंध असावी, प्लॅस्टिकचे आवरण असलेली, आणि प्रत्येक फेरीनंतर कापडाने पुसलेली. चिंदी किंवा फेल्ट तोंडाबाहेर आले की तिथेच काढून टाकावे, मळलेले परत आत ओढू नये. रायफल थोडी उताराने, तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे सॉल्व्हंट बेडिंगमध्ये आणि ट्रिगरमध्ये उतरत नाही. रोज ब्रश मारायची गरज नाही. सरावानंतर दोन-तीन फेल्ट पुरतात.

एक जागा मात्र विसरू नये. टू-टूच्या काडतुसांतल्या पेटवणाऱ्या मसाल्यात अनेकदा बारीक काचेची पूड असते, कारण ठोक्याने पेट घ्यायला खरखरीत कण लागतात. ही पूड, जळका कार्बन आणि वंगण मिळून चेंबरच्या लगेच पुढे, बॅरलच्या तळाच्या बाजूला, एक टणक कडे तयार होते. नवी गोळी त्यातून खरवडत जाते. बॅरल गेले असे समजून अनेक जण ज्या रायफली विकायला काढतात, त्यांतल्या कितीतरी फक्त या कड्याने आजारी असतात. कार्बन सॉल्व्हंटने भिजवून, दहा-पंधरा मिनिटे थांबून, फॉस्फर ब्राँझच्या ब्रशने ती जागा साफ करावी आणि नंतर सगळा द्रव पुसून काढावा. मग दहा-वीस गोळ्या मारून बॅरल स्थिरावू द्यावे आणि त्यानंतरचाच गट मोजावा.

गंजाचे म्हणाल तर कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात रायफलीचा सर्वांत मोठा शत्रू तिची स्वतःची पेटी असते. आतला फोम ओल धरून ठेवतो. रेंजवरून घरी आल्यावर रायफल पेटीतून काढावी, पुसावी, आतून तेलाची हलकी चिंदी फिरवावी आणि कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवावी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या वाळवतही राहाव्यात. दुसऱ्या दिवशी पहिल्या गोळीआधी कोरडी चिंदी फिरवून तेल काढायला चुकू नये. जुनी लष्करी काडतुसे वापरलेल्या थ्री-नॉट-थ्रीचा प्रश्न वेगळा. त्यांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचे जळून क्षार बनतात आणि हवेतले पाणी ओढून घेतात. तेल त्यांना विरघळवत नाही, पाणी विरघळवते. म्हणून पूर्वी शिपाई नळीत आधी उकळते पाणी ओतत आणि मगच तेल लावत. झीज सुरेख गुळगुळीत असू शकते, पण गंजाचा एक खोल खड्डा प्रत्येक गोळीचे शिसे खरवडून घेतो आणि त्यावर इलाज नाही.

बॅरल खरोखर गेले आहे का, हे ओळखायचे कसे? नेमबाजाच्या गुणांवरून कधीही ठरवू नये. गुण कमी होण्याची दहा कारणे असतात आणि बॅरल त्यांत शेवटचे. आधी स्टॉकचे स्क्रू ठरलेल्या ताणावर आहेत का पाहावे, साइटचा पाया हलतो का पाहावा. मग काडतुसांचा लॉट तपासावा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये जो फरक पडतो, तो पुष्कळदा दहा हजार गोळ्यांच्या झिजेहून मोठा असतो. त्यानंतर रायफल शिकंज्यात घट्ट बांधून ५० मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच गट मारावेत. पाच गोळ्यांच्या एका सुंदर गटावर विश्वास ठेवू नये; झिजलेले बॅरलही अधूनमधून असा गट देते. लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. छिद्राची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे सगळ्या छिद्रांचे मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात बसले की रायफल पूर्ण गुण देऊ शकते. गट याहून बराच आत बसत असेल तर बॅरलला दोष देऊ नये. दोन-तीन चांगले लॉट बदलून, कार्बनचे कडे काढून, बॅरलच्या तोंडाची कड तपासूनही दर गटात एक-दोन गोळ्या बाहेर फेकल्या जात असतील, तर बॅरल संपले असे समजावे. मोठ्या काडतुसाच्या रायफलीत आणखी एक खूण असते: त्याच लॉटच्या गोळीचा वेग हळूहळू घटतो, कारण थ्रोट रुंदावून वायू गोळीच्या बाजूने निसटतो. क्रोनोग्राफवर मोसमातून दोनदा वेग नोंदवून ठेवला तर ही घट लपत नाही.

यासाठी एक वही पुरते. तारीख, गोळ्या, लॉट क्रमांक, सफाई, शिकंज्यातला गट. ही वही रायफलीसोबत पुढच्या मालकाकडे गेली पाहिजे. ज्या मुलांनी पहिल्या दिवसापासून ती लिहिली, त्यांना बॅरलबद्दल कुणाला विचारावे लागत नाही.

बॅरल बदलायचेच ठरले तर ते काम घरी किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे करू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, त्यामुळे खरेदी, बदल आणि नोंद हे सगळे परवानाधारक विक्रेता आणि कारागिराकडूनच व्हायला हवे. मोठ्या काडतुसाच्या रायफलीचे बॅरल पुरेसे लांब असेल तर ते टाकून देण्याआधी एक पर्याय विचारावा: मागचा झिजलेला तुकडा कापून नव्याने चेंबर कोरणे. पुढचे चरे बहुधा चांगले असतात, आणि काही आयुष्य परत मिळते.

राहिला तो पालकांचा प्रश्न. जुनी टू-टू पाहायला जाताना गोळ्यांचा आकडा जरूर विचारा, पण सोबत कापसाचा बोळा आणि छोटी विजेरीही न्या. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून बोल्ट काढा, बॅरलच्या तोंडाची कड भिंगाने पाहा, आतून बाहेर बोळा सगळीकडून फिरवा. धागे अडकले तर तिथे चीर आहे. मागून उजेड टाकून गंजाचे खड्डे शोधा. कशाने आणि कुठल्या बाजूने साफ करता, हेही विकणाऱ्याला विचारा. मग शिकंज्यात बांधून तुमच्यासमोर तीन गट मारून दाखवायला सांगा. कड शाबूत, आत खड्डे नाहीत आणि गट आत बसतात अशी सत्तर हजार गोळ्यांची टू-टू, तोंडाकडून सळई घालून साफ केलेल्या पाच हजारांच्या टू-टूपेक्षा बिनदिक्कत घ्यावी.